सायकलमार्ग आणि एक राहून गेलेला शब्द

आपले पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पुढे येथे सायकलींसाठी निराळे मार्ग आखले गेले, आणि त्यांवर मोटारी विसावू लागल्या. हा निव्वळ बेशिस्तीचा प्रकार असे आपण म्हणतो; परंतु कायद्याची भाषाही पाहिली पाहिजे.

१९८९ सालच्या केंद्रीय रस्ता-नियमांत सायकलमार्गाचा उल्लेख होता. गणवेशातील पोलिसाच्या परवानगीवाचून त्यावरून मोटार हाकू नये, असे ते नियम सांगत. मात्र मोटार कोठे उभी करू नये याची जी यादी होती, तीत चौक, वळण, पदपथ, बसथांबा, शाळेचे नि इस्पितळाचे दार, इतके सारे आले. सायकलमार्ग तेवढा राहिला! आता मोटार काही आकाशातून तेथे उतरत नाही. पण चालक निघून गेल्यावर तिला तेथे आणताना पाहिले कोणी? मग पोलिसाला उरे ते अडथळ्याचे सर्वसाधारण कलम. आणि अडथळा म्हणजे काय, हा वाद रस्त्यावरच सुरू होई.

२०१७ च्या नव्या नियमावलीत पदपथाच्या जोडीला सायकलमार्ग हा शब्द आला. तोवर अठ्ठावीस वर्षे गेली होती, आणि उभ्या मोटारीला वळसा घालून भर रहदारीत शिरायचे ते सायकलस्वारानेच.