नांगर ठेवला खाली, मग हातात काय घेतलं?

हा भाग रेकॉर्ड करायला मी दोन महिने टाळाटाळ केली, कारण यात मी स्वतः तोंडावर पडल्याची गोष्ट आहे. पण आण्णाच म्हणाले, "सांग की, लोकांचं तरी वाचंल." तर सांगतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे हे नेहमीच्या श्रोत्यांना माहीत आहे. गच्चीवर माझे अठरा क्रेट आहेत, भाजीपाल्याचे. माती कधी उकरत नाही, वरून कंपोस्ट आणि पालापाचोळा टाकतो, कीड आली तर निंबोळी अर्क फवारतो. चार वर्षं घरापुरती वांगी, टोमॅटो, पालक निघतोय. आणि चार वर्षांत माणसाचं जे होतं तेच माझं झालं, मी दुसऱ्यांना शिकवायला लागलो. पहिले विद्यार्थी अर्थात आमचे आण्णा.

सांगली जिल्ह्यात आमची अडीच एकर जमीन आहे. बहुतेक ऊस, आणि विहिरीजवळ दहा गुंठ्यांत घरची भाजी नि बाजारापुरती मिरची. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी त्यांना म्हणालो, यंदा त्या दहा गुंठ्यांत नांगर नको, रोटर नको, रासायनिक काही नको. आण्णा म्हणाले, "आरं, नांगरायचं न्हाई, मारायचं न्हाई, मग करायचं काय?" मी म्हणालो, "काहीच नाही. तीच तर गंमत आहे, आण्णा."

हे उत्तर चूक होतं. का चूक होतं ते मला नंतर इतिहास वाचताना कळलं.

सुरुवात नांगरापासूनच करू. माणूस जमीन का नांगरतो? इंग्लंडच्या जेथ्रो टल यांनी १७३१ मध्ये घोड्याने ओढायच्या कोळप्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांची समजूत अशी होती की मुळं मातीचे बारीक कणच खातात, म्हणून माती जितकी भुगा कराल तितकं पिकाचं पोट भरेल. समजूत साफ चुकीची, पण पीक चांगलं यायचं, कारण कोळपल्यामुळे तण मरत होतं. कोड चालतोय पण का चालतोय हे कुणालाच माहीत नाही, हा प्रकार आमच्या ऑफिसात रोजचा आहे.

त्यानंतर दोनशे वर्षांनी या भुग्याची किंमत अमेरिकेने मोजली. तिथल्या मैदानी राज्यांतली गवताळ कुरणं नांगरून लोकांनी गहू पेरला होता. १९३० च्या दशकात दुष्काळ पडला आणि उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडाली. १४ एप्रिल १९३५ च्या धुळीच्या वादळाला तिकडे आजही 'काळा रविवार' म्हणतात. त्याच महिन्यात मृदसंधारणाचा कायदा झाला. मग १९४३ मध्ये ओहायो राज्यातल्या एडवर्ड फॉकनर या माणसाने 'प्लाउमन्स फॉली' म्हणजे 'नांगऱ्याचा मूर्खपणा' नावाचं पुस्तक काढलं. माती उलटी करणाऱ्या नांगराची गरज कुणी कधी सिद्धच केलेली नाही, असं त्याचं म्हणणं. आणि त्याचे पहिले प्रयोग कुठे? घरामागच्या परसात! ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण एक गोष्ट मी वाचूनही न वाचल्यासारखी केली. फॉकनरने नांगर सोडला तरी चकतीचा कुळव ठेवला होता. हात रिकामा नव्हता त्याचा.

पुढचा टप्पा केंटकीचा. १९६२ मध्ये हॅरी यंग नावाच्या शेतकऱ्याने एक एकरापेक्षाही लहान तुकड्यात न नांगरता मका घेतला, आणि व्यापारी शेतीत विनानांगरणीची सुरुवात म्हणून हाच प्रयोग सांगतात. तण कशाने मारलं? तणनाशकाने. पॅराक्वाट त्याच सुमारास बाजारात आलं होतं. पुढे अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना या देशांत लाखो हेक्टरवर विनानांगरणी पसरली ती तणनाशकाच्या फवाऱ्यामागून.

इथे मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. माझ्या डोक्यात 'न नांगरणं' आणि 'सेंद्रिय' ही जुळी भावंडं होती. प्रत्यक्षात मोठ्या शेतात त्यांचं भांडण आहे. सेंद्रिय शेतकरी रसायन मारत नाही, म्हणून तणासाठी औजार चालवतो. विनानांगरणीवाला औजार चालवत नाही, म्हणून रसायन मारतो. आपल्याकडेही बघा, रायगड जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र उभं केलं. चिखलणी नाही, लावणी नाही, कायमचे गादीवाफे, आणि कापणीनंतर भाताची मुळं जमिनीतच ठेवायची. कोकणातल्या भातशेतीचे कष्ट ज्याने पाहिलेत त्याला यातली सुटका कळेल. पण तणासाठी तिथेही तणनाशकाचा आधार घेतात, आणि ते लपवत नाहीत.

मग ही दोन्ही एकत्र आली कुठे? बागेत. आणि त्याचा एक धागा आपल्या इंदूरला जातो.

अल्बर्ट हॉवर्ड १९०५ मध्ये भारतात आले आणि १९२४ ते १९३१ इंदूरच्या संस्थेत होते. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावायचे, ओल आणि हवा सांभाळायची, ठरल्या दिवशी ढीग पलटायचा, की साधारण तीन महिन्यांत खत तयार. हीच 'इंदूर पद्धत'. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचं नाव आहे. जगभर फक्त हॉवर्ड आठवतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. हे कंपोस्ट इंग्लंडला पोचलं. तिथे लेव्हेन्स हॉलचे मुख्य माळी एफ. सी. किंग या खताचे कट्टर पुरस्कर्ते होते, आणि त्यांनी १९४६ मध्ये सरळ प्रश्नच पुस्तकाचं नाव म्हणून छापला: खणायची गरज आहे का? खत मातीत गाडायचं नाही, वर पसरायचं. खाली न्यायचं काम गांडुळं करतात.

आणि अमेरिकेत रूथ स्टाउट. या बाईंवर खरं तर वेगळा भाग करायला हवा. कनेक्टिकट राज्यात त्यांचं शेतघर होतं. १९४४ च्या वसंतात नांगरट करून देणारा माणूस वेळेवर येईना, आणि पेरणीचे दिवस चाललेले. बाईंची नजर अ‍ॅस्परॅगसच्या वाफ्यावर गेली. अ‍ॅस्परॅगस म्हणजे आपल्या शतावरीच्या कुळातली भाजी, वर्षानुवर्षं एकाच जागी उगवणारी. तिला कुठे नांगर लागतो? मग बाकीच्यांनाच का? त्यांनी न नांगरता बी टाकलं आणि पुढे सगळी बाग वाळल्या गवताच्या जाड थराखाली झाकून टाकली. १९५५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. तण अंधारात गुदमरायचं आणि गवत कुजून खत व्हायचं. पण थर जाड हवा, आणि विरळ झाला की लगेच भरायचा. गवताच्या गाड्याच्या गाड्या लागायच्या त्यांना.

आता आमच्या दहा गुंठ्यांकडे येतो.

माझ्या एका क्रेटला दोन पिशव्या पाला पुरतो. दहा गुंठे म्हणजे दहा हजार नऊशे चौरस फूट. हा गुणाकार मी केला नव्हता, इंजिनिअर असून. आण्णांनी माझ्या शब्दाखातर जून महिन्यात न नांगरलेल्या रानात मिरचीची रोपं लावली आणि मी पुण्याहून म्हणालो, पाला हळूहळू टाकू. जुलैत पाऊस लागून राहिला. आधी केना आला, मग लव्हाळा, आणि बांधावरची हरळी आत सरकली. हरळी काय चीज आहे हे क्रेटवाल्याला कळत नाही. तीनदा भांगलण करावी लागली आणि मजुरी मिरचीच्या पैशापेक्षा जास्त झाली. तिसऱ्या भांगलणीला आईही बायकांबरोबर दिवसभर वाकून होती, आणि तेव्हा तिची कंबर जी धरली ती दिवाळीपर्यंत. सप्टेंबरात आण्णांनी रोटर फिरवला. मला फोनवर फक्त एवढंच म्हणाले, "रान मोकळं केलं."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी मासानोबू फुकुओका पुन्हा वाचले. आधी वाचताना मी 'काहीही न करण्याची शेती' एवढंच उचललं होतं. पण त्यांची सुरुवातच अपयशाची आहे. जपानमध्ये कस्टम खात्यात वनस्पतींचे रोग तपासण्याची नोकरी सोडून ते घरी आले, वडिलांच्या संत्र्याच्या बागेत छाटणी बंद केली, सगळं निसर्गावर सोपवलं, आणि झाडं वाळून गेली. आधी माणसाने छाटून वाढवलेलं झाड एकदम सोडून दिलं की फांद्या एकमेकींत अडकतात आणि कीड धरते. ही नैसर्गिक शेती नव्हे, हे नुसतं सोडून देणं, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. पुढे त्यांचं भातरान यशस्वी झालं तेव्हा त्यात पांढरं क्लोव्हर होतं, सगळा पेंढा परत जमिनीवर पसरलेला होता, आणि उभ्या भातातच पुढचं पीक फोकलेलं होतं. वडिलांची बाग घालवणारा मी पहिला नाही, एवढाच दिलासा.

फवारणीतही मी असाच घोळ घातला होता. मिरचीवर फुलकिडे आले, आण्णांनी माझ्या सांगण्यावरून निंबोळी अर्क मारला, भर अकरा वाजता. दुसऱ्या दिवशी किडे जिवंत. "औषध लागू पडलं न्हाई."

कडुनिंब मारत नाही, हे मी सांगायला विसरलो होतो. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली, तेव्हा हाइनरिख श्मुटरर या जर्मन शास्त्रज्ञाने पाहिलं की टोळांनी सगळं फस्त केलं पण कडुनिंब तेवढे हिरवे राहिले. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान यांनी निंबोळीच्या गराचं पाणी पिकावर फवारून दाखवलं, टोळ ते खाईनात. १९६८ मध्ये त्यातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन वेगळं काढलं गेलं. किडा खाणं सोडतो, त्याची कात टाकण्याची क्रिया बिघडते, पिढी पुढे सरकत नाही. याला दिवस लागतात. आणि उन्हात हा अर्क लवकर निकामी होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी.

याच कडुनिंबाच्या इतिहासात आमचा जिल्हा निघाला. बुरशीवर कडुनिंबाचं तेल वापरण्याच्या पद्धतीचं युरोपियन पेटंट १९९४ मध्ये अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना मिळालं होतं. वंदना शिवा, युरोपियन संसदेतल्या माग्डा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी त्याला हरकत घेतली. मे २००० मध्ये म्युनिकला ते रद्द झालं आणि मार्च २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. आजीच्या धान्याच्या कणगीतला कडुनिंबाचा पाला तिथे पुरत नव्हता, तारखा हव्या होत्या. पुण्याचे उद्योजक अभय फडके यांच्या साक्षीने त्या मिळाल्या. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत शेतावर चाचण्या झाल्या होत्या. हे आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मग त्यास्नी कोण तर इचारलं आसंल, कवा मारायचं त्ये."

गेल्या दिवाळीत आम्ही उसाच्या कडेला उभे होतो. खोडवा चांगला फुटला होता. सऱ्यांमध्ये पाचट पसरलेलं, कारण हल्ली आण्णा पाचट पेटवत नाहीत. तणाचा पत्ता नाही. मी त्यांना रूथबाईंच्या अ‍ॅस्परॅगसची गोष्ट सांगत होतो. ते मध्येच म्हणाले, "आरं, मग खोडव्याला तरी कवा नांगरलाय आपण?"

मी चार वर्षं इंग्रजी व्हिडिओ बघत होतो आणि हे रान माझ्या लहानपणापासून तिथेच होतं.

या जूनमध्ये दोनच गुंठे घेतले. आधी हरळी कुदळीने मुळासकट काढली, त्यात माझे दोन शनिवार-रविवार गेले. मग शेणखत, वर उसाचं पाचट वीतभर जाड, आणि ते फोडून रोपं. आतापर्यंत भांगलण एकदाच झाली, तीही आईने बसल्या बसल्या केली. परवा संध्याकाळी फोन केला तर आण्णा अर्क गाळत होते, नंतर करतो म्हणाले.

उरलेल्या आठ गुंठ्यांत त्यांनी रोटर मारलाय. मी काही बोललो नाही.