रविवर्मा यांच्या चौकटीबाहेरच्या स्त्रिया

इतिहासाच्या तासाला मी राजा रविवर्मा यांचे १८९३ सालचे एक चित्र दाखवले. शुभ्र वस्त्र ल्यालेली नायर स्त्री, कडेवर मूल, अंगावर दागिने. त्यांची मुलगीच या चित्रासाठी उभी राहिली होती. शिकागोच्या प्रदर्शनात गेलेल्या त्यांच्या दहा चित्रांपैकी हे एक. मुलांनी रंगांचे कौतुक केले. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, तेव्हा तिथल्या आपल्यासारख्यांच्या बाया काय नेसत होत्या?"

रविवर्मा यांच्या पदरांवर आणि जरीकाठांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

रविवर्मा १८४८ साली त्रावणकोर संस्थानात, किळिमानूर येथे जन्मले. त्याच संस्थानात खालच्या मानलेल्या जातींच्या स्त्रियांना ऊर झाकण्याची बंदी होती. नायर स्त्रीलाही नंबुद्री ब्राह्मणापुढे ऊर उघडे ठेवावे लागे. उतरंडीची प्रत्येक पायरी अशी वस्त्रावरून ओळखू येई. नाडार स्त्रियांनी अंगावर वस्त्र घेतले तेव्हा ते भर बाजारात फाडण्यात आले. दंगली पेटल्या आणि मद्रासच्या गव्हर्नराने दडपण आणले. अखेर २६ जुलै १८५९ रोजी महाराजांनी जाहीरनामा काढला : नाडार स्त्रियांनी अंग झाकावे, परंतु उच्च जातींच्या स्त्रियांसारखे नव्हे. लाज राखण्याची मुभा मिळाली, बरोबरीची नाही. रविवर्मा तेव्हा अकरा वर्षांचे होते.

दागिन्यांचेही तेच. पुलया स्त्रियांच्या गळ्यात दगडी मण्यांच्या माळा सक्तीच्या होत्या. १९१५ साली अय्यनकाळी यांच्या हाकेवरून कोल्लमच्या सभेत त्यांनी त्या तोडून फेकल्या.

हे नियम रविवर्मा यांनी केले नाहीत; त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा माझा हेतू नाही. पण त्यांच्या चित्रातले वस्त्र केवळ सौंदर्य नव्हे. ते राखीव ठेवलेला हक्क आहे, आणि तो कोणापासून राखला होता हे चौकटीत दिसत नाही.

महाराष्ट्राला हे परके नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितले की, लुगडे उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे नेसा, गळ्याहातांतले जातीची खूण सांगणारे दागिने टाकून द्या. माझी आजी तिच्या आईविषयी सांगे. महाडची वार्ता ऐकून तिने लुगडे घोट्यापर्यंत सोडले, तर गावाने महिनाभर तिला शिव्या घातल्या. तिने लुगडे वर घेतले नाही. तिचे चित्र कोणी काढले नाही. आमच्या घरी तिचे छायाचित्रही नाही.

पुढच्या तासाला मी ते चित्र पुन्हा लावले आणि शेजारी फळ्यावर १८५९ चा जाहीरनामा लिहिला. हे दोन्ही एकत्र शिकवल्याशिवाय त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही.