दैवी आणि आसुरी : गीतेच्या सोळाव्या अध्यायावर भाष्य

श्लोक १ ते ३. दैवी संपत्तीचे २६ गुण इथे येतात : पहिल्या श्लोकात ९, दुसऱ्यात ११, तिसऱ्यात ६. आरंभ अभयाने, शेवट निरभिमानाने. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. त्यांत त्यांना या क्रमात सैन्याची रचना दिसली : आघाडीला अभय, पिछाडीला नम्रता. हे मनोमन पटते, पण मधली फळीही पाहावी. दुसऱ्या श्लोकात मार्दव आहे. तिसरा उघडतो तेजाने आणि तेजाला लागूनच क्षमा आहे. एकटे मार्दव अन्यायापुढे मान तुकवते, क्षमेवाचून तेज जाळत सुटते. दोषांशी झुंजण्याआधी गुणांना आपसांतच तोल सांभाळावा लागतो. अपैशुनाकडे, म्हणजे कुणाची चहाडी न करण्याकडे, वाचकांचे फारसे लक्ष जात नाही. गीतेने मात्र त्याला अहिंसा आणि सत्य यांच्याच श्लोकात बसवले आहे.

श्लोक ४. आसुरी संपत्तीचे दोष सहाच : दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, पारुष्य, अज्ञान. २६ विरुद्ध ६ या आकड्यांवर विसंबू नये. कर्ण पाहा. दान हा पहिल्या श्लोकातला गुण, आणि कर्णाएवढा दाता महाभारतात नाही. अंगावरची कवचकुंडलेही त्याने इंद्राला दिली. त्याच कर्णाने भर सभेत द्रौपदीला हीन शब्द ऐकवले. पारुष्य म्हणतात ते हेच. त्याचे दान खोटे नव्हते आणि ते शब्दही त्याचेच होते. एकाने दुसऱ्याची फेड होत नाही. इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ मला मोलाचे वाटते ते यासाठी, की त्यात कोणत्याही पात्राला नुसता देव किंवा नुसता दानव करून मोकळे होता येत नाही.

श्लोक ५. दैवी संपत्ती मोक्षाकडे नेते, आसुरी बंधनाकडे. आणि लगेच अर्जुनाला धीर दिला जातो, की तू दैवी संपत्ती घेऊन जन्मलेला आहेस, शोक करू नकोस. अर्जुनाने तर काही विचारलेलेच नाही. शंकराचार्य म्हणतात, त्याच्या मनात शंका उठली असणार : यांतला मी कोणता? माझ्या मते या शंकेवाचून अध्याय वाचणे व्यर्थ आहे. पुढच्या श्लोकांतला आसुर ज्याला केवळ शेजाऱ्यात दिसतो, त्याने स्वतःच्या हाती चौथ्या श्लोकातला दर्प तेवढा घेतला.

श्लोक ६. या लोकी प्राण्यांच्या सृष्टी दोन, दैवी आणि आसुरी. हा श्लोक सुटा काढला की माणसांच्या दोन जाती होतात. एक जन्मतःच चांगली, दुसरी जन्मतःच वाईट. हा अर्थ मला मान्य नाही, कारण तो खुद्द गीतेलाच पेलत नाही. चौदाव्या अध्यायाच्या दहाव्या श्लोकात सत्त्व, रज, तम आळीपाळीने एकमेकांवर मात करतात. अठराव्याच्या चाळिसाव्यात तर स्वर्गातले देवही या तीन गुणांतून सुटलेले नाहीत. दोन सृष्टी म्हणजे माणसाला नेणाऱ्या दोन दिशा, असेच म्हणावे लागते.

श्लोक ७ ते १२. आसुरी माणसाला आचार नाही, सत्य नाही, त्याच्या वासनांना अंत नाही. अर्थ उघड आहे.

श्लोक १३ ते १७. इथे आसुर स्वतः बोलतो : आज हे मिळवले, उद्या ते मिळवीन, हा शत्रू मारला, उरलेलेही मारीन. पंधराव्या श्लोकात तो म्हणतो की मी यज्ञ करीन, दान देईन. इथे थबकावे. यज्ञ आणि दान पहिल्या श्लोकात दैवी म्हणून येऊन गेले आहेत. म्हणजे तेच कर्म दोन्ही बाजूंना आहे. फरक कशाचा, ते सतरावा श्लोक सांगतो : नावापुरता यज्ञ, दंभाने केलेला. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरलेले असते. त्या पैशामागे भक्ती होती की मिरवणे, हे पाहणाऱ्याला कळत नाही. देणाऱ्याला कळू शकते, आणि पुष्कळदा दोन्ही असतात.

श्लोक १९, २०. द्वेष करणाऱ्या क्रूरांना पुन्हापुन्हा आसुरी योनीत टाकण्याची ही भाषा अध्यायातली सर्वांत कठोर. ती सौम्य करून सांगणे अप्रामाणिकपणा होईल. पण नवव्या अध्यायात अनन्यभावाने भजणाऱ्या अतिदुराचाऱ्यालाही साधूच मानायला सांगितले आहे. त्याचा निश्चय योग्य ठरला, एवढे कारण पुरते. ते श्लोक शेजारी ठेवूनच हे वाचावेत.

श्लोक २१, २२. काम, क्रोध, लोभ ही नरकाची तीन दारे. लगेच पुढच्या श्लोकात या दारांतून सुटलेला माणूस आपले कल्याण साधतो. सुटला, म्हणजे तो आधी तिथे होता. सहाव्या श्लोकावरून माणसांची कायमची वाटणी करणाऱ्यांना हे उत्तर याच अध्यायात आहे. प्रवचनकारांना आणि घरी पोथी वाचणाऱ्यांना एवढीच विनंती, की सहावा श्लोक सांगाल तेव्हा बाविसावाही सांगा.