'नाळि' : एका लहान मापाचा अर्थ

तापीकाठच्या सारंगखेडा (तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार) येथे दत्तजयंतीच्या यात्रेत भरणारा घोडेबाजार खानदेशाबाहेरही प्रसिद्ध आहे. तेथे घोड्यांचे मोल ठरताना पाहिले की पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास 'तण्डुलनाळि जातक' (क्रमांक ५) आठवल्यावाचून राहत नाही.

वाराणसीच्या लोभी राजाने आपल्या प्रामाणिक अर्घकारास, म्हणजे मोल ठरविणाऱ्या अधिकाऱ्यास, दूर करून त्याच्या जागी एका मूढ ग्रामीणास नेमले. उत्तरापथाचा व्यापारी ५०० घोडे घेऊन आला, तेव्हा या मूढाने त्यांचे मोल 'एक नाळि तांदूळ' असे ठरविले. व्यापारी जुन्या अर्घकाराकडे, म्हणजे बोधिसत्त्वाकडे गेला. त्याच्या सल्ल्यानुसार त्याने मूढास लाच दिली आणि भर दरबारात विचारले, "मग या नाळिभर तांदळाचे मोल काय?" उत्तर आले, "आतबाहेरची सारी वाराणसी!" अमात्य टाळ्या पिटून हसले. राजा लज्जित झाला व बोधिसत्त्वास त्याचे पद परत मिळाले.

ही कथा मराठीत सांगताना 'नाळि'च्या जागी 'पायली' हा शब्द घालण्याचा मोह होतो. माझ्या मते ते चुकीचे आहे. पायली म्हणजे चार शेर. तेवढ्यात एक कुटुंब जेवेल. नाळि हे त्याहून पुष्कळ लहान माप होय.

संस्कृत 'नड', पालि 'नळ' म्हणजे बोरू. त्यावरून 'नाडी', 'नाळि' म्हणजे पोकळ नळी. वेळूच्या पेराची नळी हे धान्य मोजण्याचे सहज साधन होय. तमिळ व मल्याळममध्ये हा शब्द मापाच्या अर्थाने टिकला. मराठीत 'नळी' राहिली, माप गेले. (घोड्याच्या पायाचा 'नाल' मात्र अरबी, त्याचा येथे संबंध नाही.)

नाळि किती, हे विनयपिटकातून कळते. भिक्षापात्रे तीन प्रकारची : मोठ्यात अर्ध्या आढकाचा, मध्यमात एका नाळिचा आणि लहानात एका प्रस्थाचा भात मावतो. म्हणजे नाळि हे एका माणसाच्या मध्यम पात्राचे माप. संयुत्तनिकायातील 'दोणपाक सुत्त' याला दुजोरा देते. कोसलराज प्रसेनजित द्रोणभर तांदळाचा भात खाऊन धापा टाकीत भगवंतांकडे आला. भोजनात मात्रा राखण्याच्या त्यांच्या उपदेशाने तो हळूहळू नाळिभर तांदळाच्या भातावर आला व त्याचे शरीर हलके झाले.

तरीही हे माप सर्वत्र सारखे नव्हते. 'समन्तपासादिका' या विनयाच्या अट्ठकथेत सिंहल नाळि मोठी, दमिळ नाळि लहान आणि मगध नाळि प्रमाणबद्ध असे सांगून, दीड मगध नाळि म्हणजे एक सिंहल नाळि असा हिशेब दिला आहे. पात्राच्या नियमाचा भंग झाला की नाही, हे ठरविण्यास भिक्षूंना हा हिशेब आवश्यक होता.

तेव्हा ५०० घोड्यांचे मोल ठरले ते एका माणसाचे एका वेळचे जेवण. अनुवादात 'नाळि' हाच शब्द ठेवून हा अर्थ द्यावा, असे मला वाटते. जातकाची प्रस्तुत वस्तूही भाताचीच आहे. संघात शलाकाभोजनाची वाटणी दब्ब मल्लपुत्त करीत असत. वाट्याला जाडाभरडा तांदूळ आला की लाळुदायी गोंधळ घालीत असे. अखेर वाटणीचे काम त्याच्याकडेच दिले, तेव्हा चांगला तांदूळ कोणता आणि पाळी कोणाची, हे त्याला सांगता येईना.