कसोटी न खेळलेले प्रा. देवधर

विजय हजारे हे नाव निघाले की आम्हा बडोदेकरांची मान ताठ होते. 1946-47 च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी गुल महंमद यांच्यासह केलेली 577 धावांची भागीदारी आम्ही कौतुकाने सांगतो. मात्र हजारे यांनी नाबाद 316 धावा काढल्या त्या आपल्याच बडोद्याविरुद्ध, हे सांगायचे राहून जाते. 1939-40 च्या त्या सामन्यात ते महाराष्ट्राकडून खेळत होते आणि कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर.

14 जानेवारी 1892 रोजी जन्मलेले देवधर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवत. 1926 साली गिलिगन यांचा एम.सी.सी. संघ भारतात आला, तेव्हा मुंबईत अखिल भारतीय संघाकडून त्यांनी 148 धावा केल्या. भारताची पहिली अधिकृत कसोटी मात्र 1932 मध्ये झाली. देवधर तोवर चाळिशीत पोहोचले होते. संघात त्यांना स्थान मिळाले नाही. पुढेही कसोटी खेळण्याचा योग आला नाही.

एखाद्याने बॅट खुंटीला टांगली असती. देवधरांची खरी कारकीर्द मात्र त्यानंतरच बहरली. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षी बलाढ्य मुंबईविरुद्ध, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या प्राध्यापकांनी 246 धावा काढल्या. 1944 मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके ठोकली. घरीही खेळाचेच वातावरण होते. त्यांच्या कन्यांनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली, तीही मुलींनी मैदानात उतरणे फारसे रुळलेले नसताना.

खेळाडूपण संपल्यावर निवड समिती, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद, भारतीय नियामक मंडळाचे उपाध्यक्षपद अशा जबाबदाऱ्या त्यांनी सांभाळल्या. 1973-74 पासून त्यांच्या नावाने देवधर करंडक सुरू झाला. 1991 मध्ये पद्मभूषण मिळाले आणि 1993 मध्ये, 101 वर्षांचे होऊन, ते गेले.

हजारे यांचे आकडे आम्ही मुलांना पाठ करवतो. त्यांच्या जोडीला देवधरही सांगायला हवेत. निवड न झालेली पोरे दर मोसमात आमच्या घरी निराश होऊन परततात. चाळिशीत दार बंद झाल्यावरही खेळत राहिलेल्या माणसाची गोष्ट त्यांनाच सर्वांत आधी कळायला हवी.