निरोप खाली पोहोचलाच नाही

१० ऑक्टोबर १९७३, बुधवार दुपार. बाल्टिमोरच्या फेडरल न्यायालयात अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू उभे राहिले आणि १९६७ सालच्या २९,५०० डॉलरच्या उत्पन्नावर कर भरला नाही, हा आरोप आपण लढवत नाही असं त्यांनी सांगितलं. ‘नोलो कंटेंडेरे’ असा त्याला लॅटिन शब्द आहे. गुन्हा कबूल नाही, पण नाकारायचाही नाही. शिक्षा झाली दहा हजार डॉलर दंड आणि तीन वर्षं चांगल्या वर्तणुकीची हमी. त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्या कार्यालयात एका ओळीचं पत्र पोहोचलं. उपराष्ट्राध्यक्षांचा राजीनामा.

वॉटरगेट म्हटलं की तुम्हाला निक्सन आठवतील, टेप आठवतील, दोन वार्ताहर आठवतील. ॲग्न्यू बहुतेकांना आठवत नाहीत. पॉडकास्टच्या भागात आम्हीही त्यांच्यावर दोन मिनिटांत पुढे सरकलो. पण सत्ताधारी नेत्यावरचा भ्रष्टाचाराचा तपास स्वतंत्र राहतो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायचं असेल तर वॉटरगेटपेक्षा हे प्रकरण मला जास्त उपयोगी वाटतं. वॉटरगेटमध्ये सगळं भव्य आहे: सिनेटच्या सुनावण्या, सर्वोच्च न्यायालय. इथे आहेत पाकिटं, इंजिनियर आणि एक धाकटा भाऊ.

आधी पाकिटं. ॲग्न्यू १९६२ ते १९६६ बाल्टिमोर काउंटीचे प्रमुख होते. आपल्याकडच्या जिल्हा परिषद अध्यक्षाशी ताडून बघू नका, या पदाला बरेच जास्त अधिकार असतात. शहराभोवतीची उपनगरं तेव्हा झपाट्याने वाढत होती. रस्ते, पूल, गटारं, पाण्याच्या लाइनी. बांधकामाला निविदा लागत, पण आराखडे करणाऱ्या इंजिनियरिंग फर्मना काम नेमून दिलं जाई. निविदाच नाही म्हटल्यावर कुणाला काम मिळणार हे साहेबांच्या मर्जीवर. मग ठरलेली टक्केवारी, साधारण पाच टक्के, रोख, पाकिटात. (‘टक्केवारी’ या शब्दाचं मराठी वाचकाला स्पष्टीकरण द्यावं लागत नाही, ही सोयही आहे आणि खंतही.) ॲग्न्यू १९६७ मध्ये मेरिलँडचे गव्हर्नर झाले, पाकिटं चालू राहिली. १९६९ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झाले, तरी चालू राहिली. लेस्टर मॅट्झ नावाच्या इंजिनियरने तपासात सांगितलं की व्हाइट हाउसशेजारच्या उपराष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात जाऊन आपण दहा हजार डॉलरचं पाकीट हातात दिलं. आणि हा माणूस देशभर प्रसिद्ध कशासाठी? कायदा आणि सुव्यवस्थेवरच्या भाषणांसाठी.

तपास सुरू झाला तो ॲग्न्यूंना पकडायला नव्हेच. बाल्टिमोरमधल्या फेडरल सरकारी वकिलांना काउंटीचे तेव्हाचे प्रमुख, डेमोक्रॅटिक पक्षाचे डेल अँडरसन, हवे होते. ॲग्न्यूंनी काउंटी सोडून सहा वर्षं झाली होती आणि लाचेच्या खटल्याला पाच वर्षांची मुदत, तेव्हा ते यात सापडतील असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. १९७३च्या सुरुवातीला कंपन्यांचे हिशेब मागवले गेले, वसंतापर्यंत इंजिनियर एकेक करून बोलायला लागले. बोलता बोलता ‘त्यांनाही देत होतो’ इथपर्यंत गाडी आली.

इथे अमेरिकी व्यवस्थेची एक बाजू सांगायला हवी, कारण आपल्याकडचा ‘सरकारी वकील’ डोळ्यासमोर ठेवला तर घोटाळा होतो. अमेरिकेत प्रत्येक फेडरल जिल्ह्याला एक प्रमुख सरकारी वकील असतो. त्याची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, सिनेटच्या संमतीने, आणि तो काढून टाकण्याचा अधिकारही राष्ट्राध्यक्षांचाच. कुणाची चौकशी करायची, कुणावर आरोप ठेवायचे, कुणाशी तडजोड करायची, हे त्याच्या कार्यालयात ठरतं. न्यायाधीशाला तहहयात नेमणुकीचं संरक्षण राज्यघटनेनेच दिलेलं आहे. सरकारी वकिलाला मात्र राज्यघटनेत काहीही संरक्षण नाही. भ्रष्टाचाराचं प्रकरण न्यायाधीशासमोर येणार की नाही हे ठरवणारा माणूस सगळ्यात उघडा.

बाल्टिमोरचे प्रमुख सरकारी वकील होते जॉर्ज बील. वय पस्तिशीचं. रिपब्लिकन. नेमणूक निक्सन यांची. वडील माजी सिनेटर, थोरले भाऊ ग्लेन बील विद्यमान सिनेटर, तेही मेरिलँडचे आणि तेही रिपब्लिकन. १९७० मध्ये ग्लेन निवडून आले ते व्हाइट हाउसच्या मदतीने. दाब आणायला याहून सरळ नळ कुणाला मिळणार?

तो वापरला गेला. १० एप्रिल १९७३ रोजी ॲग्न्यूंनी निक्सन यांचे उजवे हात बॉब हाल्डेमन यांना बाल्टिमोरच्या तपासाबद्दल सांगितलं. हाल्डेमन यांच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे. सिनेटर बील यांनी धाकट्या भावाशी बोलावं, अशी ही मागणी होती. पुढे निक्सन यांच्याच ध्वनिफितींवर राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे सहकारी याच गोष्टीचा खल करताना ऐकू येतात. तेव्हाचे पक्षाध्यक्ष जॉर्ज बुश, म्हणजे नंतर राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले बुश, यांनाही निरोप्या म्हणून वापरण्यात आलं.

धाकट्या बीलनी काय केलं? नाट्यमय असं काहीच नाही. भावाशी या विषयावर मोजकं आणि वरवरचं बोलले, तपास चालू ठेवला आणि ही गोष्ट हाताखालच्या लोकांना सांगितली नाही. प्रकरण प्रत्यक्ष हाताळणारे तिघं वकील होते: बार्नी स्कोल्निक, टिम बेकर, रॉन लीबमन. तिघंही तरुण. वरून किती दाब येतोय हे त्यांना कळलंच नाही. बील २०१७ मध्ये वारले. पुढच्या वर्षी ‘बॅग मॅन’ या पॉडकास्टसाठी त्या तिघांना जुन्या टेप ऐकवल्या गेल्या, तेव्हा पंचेचाळीस वर्षांनी त्यांना समजलं की आपले साहेब मध्ये उभे होते.

संशोधक म्हणून मला हे फार अस्वस्थ करतं. आम्ही संस्थांचा अभ्यास करतो तेव्हा कायदे, नियम, निकालपत्रं वाचतो. न दिलेल्या निरोपाची फाइल कुठे शोधायची? बील यांचे कागद फ्रॉस्टबर्गच्या विद्यापीठात आहेत आणि व्हाइट हाउसच्या खोल्यांमध्ये टेप चालू होत्या, म्हणून निदान ही एक गोष्ट हाती लागली. जिथे धाकट्या भावाने ऐकलं आणि तपास थंडावला, तिथे इतिहासाला सांगायला काही उरतच नाही. फाइल बंद, पुरावा अपुरा.

३ जुलैला बील आणि त्यांचे तिघं वॉशिंग्टनला ॲटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांच्याकडे गेले. या भेटीत सगळं बारगळू शकलं असतं. रिचर्डसन निक्सनचेच मंत्री. बैठक चालू असताना व्हाइट हाउसमधून फोन येत होते, दुसऱ्याच कारणासाठी: वॉटरगेटचे विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स राष्ट्राध्यक्षांच्या कॅलिफोर्नियातल्या घराच्या खर्चात डोकावताहेत का, याची संतप्त विचारणा. तरीही रिचर्डसननी ऐकून घेतलं आणि काम पुढे न्यायला सांगितलं. ऑगस्टमध्ये बातमी फुटली. ॲग्न्यूंनी आरोप साफ खोटे म्हटले, वर्तमानपत्रांवर तोंडसुख घेतलं आणि सप्टेंबरअखेर लॉस एंजेलिसमध्ये महिला कार्यकर्त्यांच्या सभेत, आरोप ठेवले तरी राजीनामा देणार नाही, असं जाहीर केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. अकरा दिवसांनी राजीनामा दिला.

दरम्यान वकिलांनी मुद्दा काढला की पदावर असलेल्या उपराष्ट्राध्यक्षावर खटला भरताच येत नाही. आधी महाभियोग, मग न्यायालय. न्याय खात्याला उत्तर द्यावं लागलं. खात्याच्या कायदेशीर सल्ला विभागाने २४ सप्टेंबर १९७३ रोजी टिपण तयार केलं: उपराष्ट्राध्यक्षावर खटला भरता येतो, राष्ट्राध्यक्षावर मात्र पदावर असेपर्यंत नाही. पहिल्या भागाने ॲग्न्यूंचा बचाव कोसळला. दुसरा भाग त्या प्रकरणापुरता बाजूलाच होता, पण टिकला तोच. २००० मध्ये खात्याने तो पुन्हा उचलून धरला, २०१९ मध्ये रॉबर्ट म्युलर त्याच चौकटीत थांबले. काउंटीतल्या गटारांच्या कामांवरून निघालेल्या खटल्यात राष्ट्राध्यक्षांना मिळालेली ही भेट. मागितली दुसऱ्याने होती.

मग तडजोड. बाल्टिमोरच्या पोरांना ॲग्न्यू तुरुंगात हवे होते. रिचर्डसनना ते पदावरून जायला हवे होते, आणि लगेच. त्यांचा हिशेब असा: निक्सन स्वतः डळमळताहेत, उद्या ते गेले तर देशाच्या प्रमुखपदी लाच घेणारा माणूस बसेल. म्हणून राजीनाम्याच्या बदल्यात तुरुंगवास माफ. बाजू बळकट राहावी म्हणून लाचखोरीच्या पुराव्याची चाळीस पानं न्यायालयात दाखल करून जाहीर केली गेली. मेरिलँडमधल्या सगळ्या फेडरल न्यायाधीशांनी प्रकरणातून अंग काढून घेतल्यामुळे व्हर्जिनियाहून न्या. वॉल्टर हॉफमन आले होते. एरवी करबुडव्याला आपण तुरुंगातच पाठवतो, इथे केवळ ॲटर्नी जनरलच्या विनंतीला मान देतो आहे, असं त्यांनी बोलून दाखवलं.

हा न्याय होता का? मला वाटतं, नव्हता. राज्याच्या दृष्टीने शहाणपण होतं. छोट्या करबुडव्याला गजाआड आणि उपराष्ट्राध्यक्षाला घरी जाऊ देणारा सौदा स्वच्छ म्हणवत नाही. पण सौदा करणाऱ्याच्या हातात खटला खरोखर उभा होता आणि मिळवलेली गोष्ट त्याच्या स्वतःच्या फायद्याची नव्हती, हा फरक विसरून चालणार नाही. पैशाचा हिशेब नंतर नागरिकांनीच मागितला. मेरिलँडच्या करदात्यांनी दिवाणी दावा लावला, १९८१ मध्ये न्यायालयाने वसुलीचा आदेश दिला आणि १९८३ मध्ये ॲग्न्यूंनी व्याजासकट दोन लाख अडुसष्ट हजारांहून जास्त डॉलर राज्याला भरले.

आपल्याकडचा आठवावा असा प्रसंग याच काळाच्या आसपासचा आहे. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. बख्तावर लेंटिन यांनी सिमेंट वाटप आणि देणग्यांची सांगड दाखवून दिली आणि मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना जावं लागलं. पण ते प्रकरण सरकारी वकिलाने नव्हे, नागरिकांच्या याचिकेने न्यायालयात आणलं होतं. पुढचा फौजदारी खटलाही रामदास नायक यांच्या खासगी तक्रारीवरचा, आणि तो परवानगी कुणाची, न्यायालय कोणतं, यातच वर्षानुवर्षं फिरला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी आपल्याच न्यायालयाचा १९८४चा आदेश चुकीचा ठरवला. आपल्या न्यायाधीशांनी ठाम बोलल्याची उदाहरणं देता येतात. तपास यंत्रणेतल्या जॉर्ज बीलचं नाव सांगा म्हटलं तर तुमची यादी किती लांब होते, बघा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला पिंजऱ्यातला पोपट म्हटलं ते उगाच नव्हे.

ॲग्न्यू गेल्यानंतर दहाच दिवसांनी, शनिवारी २० ऑक्टोबरला, निक्सननी रिचर्डसनना कॉक्स यांना काढायला सांगितलं. रिचर्डसननी नकार देऊन राजीनामा दिला, त्यांच्या हाताखालचे विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला, तिसऱ्या क्रमांकावरच्या रॉबर्ट बोर्क यांनी सही केली. ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल. नोव्हेंबरमध्ये न्या. गेसेल यांनी ही हकालपट्टी बेकायदा ठरवली, कारण खात्याच्या नियमात कॉक्सना गंभीर गैरवर्तनाशिवाय काढता येणार नव्हतं. साधा खात्याचा नियम. पुढे १९७८ मध्ये विशेष तपासाधिकाऱ्याचा कायदा झाला, दोन्ही पक्षांना तो आळीपाळीने टोचला, आणि १९९९ मध्ये तो संपू दिला. व्हाइट हाउसने चालू खटल्यांत नाक खुपसू नये, हा संकेत तेवढा राहिला. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांनी न्याय खात्याशी केलेल्या बोलण्यावर फौजदारी खटला चालवता येणार नाही असा निकाल दिला, तेव्हा संकेताखालची जमीनही गेली.

फेब्रुवारी २०२५. न्यूयॉर्कचे महापौर एरिक ॲडम्स यांच्यावर लाचखोरी आणि बेकायदा निवडणूक निधीचे आरोप होते. ते त्यांनी नाकारले होते. वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कच्या फेडरल सरकारी वकिलांना आदेश आला: खटला मागे घ्या. कारण पुराव्याचं नव्हतं. खटल्यामुळे महापौरांना स्थलांतरितांविरुद्धच्या मोहिमेत मदत करता येत नाही, असं सांगण्यात आलं. हंगामी प्रमुख डॅनिएल सॅसून यांना ट्रम्प प्रशासनानेच नेमलं होतं, न्या. स्कालिया यांच्याकडे काम केलेल्या, विचाराने पक्क्या परंपरावादी. त्यांनी ॲटर्नी जनरलना सविस्तर पत्र लिहून नकार दिला आणि पद सोडलं. त्यांच्यामागून आणखी सहाएक जणांनी, न्यूयॉर्कमध्ये आणि वॉशिंग्टनमध्ये, राजीनामे दिले. या वेळी निरोप खालपर्यंत पोहोचला होता, लेखी. अर्जावर सही करणारे शेवटी मिळाले.

प्रकरण न्या. डेल हो यांच्यापुढे आलं. सरकारला खटला चालवायचाच नसेल तर न्यायाधीश तो चालवू शकत नाही, हे त्यांनी मान्य केलं. मात्र सरकारने मागितलं होतं ते वेगळं: खटला आत्ता मागे, पण पुन्हा भरायची मुभा राखून. म्हणजे महापौरांच्या डोक्यावर टांगती तलवार. २ एप्रिलला हो यांनी ती मुभा नाकारली. खटला रद्द केला, तो कायमचा.