रेव्हनचे रांजण

भाडोत्री मारेकरी, त्याच्या आयुष्यात योगायोगाने आलेली एक तरुणी, मागावर पोलीस, आणि तिच्यामुळे त्याला माणसात यावंसं वाटणं. रोमँटिक सस्पेन्स कादंबऱ्यांमध्ये हा साचा इतका रुळला आहे, की त्यालाही एक इतिहास आहे हे आपण विसरतो. त्या इतिहासातला एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे ग्रॅहम ग्रीनची १९३६ सालची 'अ गन फॉर सेल'.

नायकाचं नाव रेव्हन. ओठ जन्मतः दुभंगलेला, बाप फासावर गेलेला, आईने स्वतःचा गळा चिरून घेतलेला. पैसे घेऊन तो एका मंत्र्याला ठार मारतो आणि साक्षीदार उरू नये म्हणून त्यांच्या वृद्ध सेक्रेटरीलाही. मोबदला म्हणून हाती पडतात चोरीच्या नोटा. फसवणाऱ्याला शोधत तो नॉटविच या औद्योगिक शहरात पोचतो. वाटेत भेटते अ‍ॅन ही कोरसमध्ये नाचणारी मुलगी. तिचा वाग्दत्त वर नेमका त्याच नोटांच्या मागावर असलेला डिटेक्टिव्ह असतो.

कादंबरीचा गाभा आहे रेल्वे यार्डातल्या शेडमधली रात्र. मनातलं डॉक्टरला सांगितलं की माणूस बरा होतो, असं रेव्हनने कुठेतरी वाचलेलं असतं. डॉक्टर नाही, म्हणून तो अ‍ॅनला सांगतो. तोवर तिला त्याच्याबद्दल सहानुभूती असते. मंत्र्याचा खून यानेच केला हे कळल्यावर मात्र तिच्या मनात किळस दाटते. ती रेव्हनला पळायला मदत करते खरी, पण पुढे पोलिसांना सगळं सांगतेही. मरण्याआधी रेव्हनला हे कळतं. ज्या एका माणसावर विश्वास टाकला, तिनेही तो पाळला नाही! ग्रीन १९२६ साली कॅथलिक झाला होता. पापाच्या कबुलीचं मोल तो जाणून होता. तरीही कबुली दिली की सुटका, असा सरळ हिशोब त्याने मांडला नाही.

१९४२ साली पॅरामाउंटने यावर सिनेमा काढला, 'धिस गन फॉर हायर'. दिग्दर्शक फ्रँक टटल. अ‍ॅलन लॅड आणि व्हेरोनिका लेक. गोष्ट कॅलिफोर्नियात आली, दुभंगलेल्या ओठाच्या जागी मोडून वाकडं झालेलं मनगट आलं, आणि शत्रूला विषारी वायूचं सूत्र विकणारे देशद्रोही खलनायक झाले. इथली नायिका रेव्हनचा घात करत नाही. उलट देशासाठी काहीतरी कर म्हणून गळ घालते, आणि तो ते करून मरतो.

मरणं भागच होतं. १९३४पासून हॉलिवुडमध्ये प्रॉडक्शन कोड काटेकोरपणे राबवला जात होता. प्रेक्षकांची सहानुभूती गुन्ह्याकडे झुकता कामा नये, हे त्याचं मूळ तत्त्व. प्रेक्षकाने खुन्यावर जीव लावायचा असेल, तर शेवटी खुन्याचा जीव जायलाच हवा. १९६८मध्ये कोड गेला, पण सवय गेली नाही. कोडचा संबंधच नसलेल्या फ्रान्समध्येही मेलव्हिलच्या 'ल सामुराई'मधला (१९६७) मारेकरी रिकामं पिस्तूल रोखून पोलिसांच्या गोळ्या झेलतो.

रोमान्स कादंबरीचा नियम बरोबर उलटा. तिथे शेवट आशादायक हवा, म्हणजे नायक जगायलाच हवा. मग लेखकापुढे पेच उभा राहतो : ज्याने पैशासाठी माणसं मारली, त्याला सुखाने नांदताना वाचकाने का पाहावं? यावरची सोपी युक्ती अशी, की त्याने मारलेले सगळेच नराधम होते असं दाखवायचं. म्हणजे पश्चात्तापाचं दुःख उरतं, पण ज्याचा करायचा ते पाप नाहीसं होतं.

इथे मला वाल्या कोळी आठवतो. आपल्याकडे सांगतात त्या गोष्टीत वाल्याचा वाल्मीकी होतो, मरत नाही. पण प्रत्येक हत्येमागे तो रांजणात एक खडा टाकतो आणि असे सात रांजण भरतात. लहानपणी गोष्ट ऐकताना लक्षात राहतात ते रांजणच. बायकामुलं पापात वाटेकरी व्हायला नकार देतात, तेव्हा कळतं की ते सगळे खडे त्याच्या एकट्याचे आहेत.

रोज कोड लिहिणाऱ्या मला नियमांचं वावडं नाही. खुनी शेवटी मरावा की जगावा, हे सेन्सॉरने किंवा बाजाराने ठरवलं तरी गोष्ट चांगली होऊ शकते. मी एवढंच पाहतो, की त्या गोष्टीला रांजण आहेत का. ग्रीनच्या कादंबरीत आहेत. रेव्हनला उशिरा कळतं, की आपण मारलेला मंत्री आपल्यासारखाच गरिबीतून आलेला, गरिबांच्या बाजूचा माणूस होता. त्या क्षणी मंत्री 'काम' उरत नाही, माणूस होतो. आणि ती वृद्ध सेक्रेटरी? तिचा गुन्हा इतकाच, की ती त्या वेळी तिथे होती. तिचा खडा कुठल्याही प्रेमाने रांजणातून बाहेर काढता येत नाही. अ‍ॅनलाही तो काढता आला नाही, आणि म्हणूनच ही कादंबरी आजही खरी वाटते.